एक हात फिल्म

वारणाकाठच्या एका गावातल्या तालमीत, हनुमानाच्या तसबिरीशेजारी, दहा बाय बाराचा एक कृष्णधवल फोटो टांगलेला असतो. पांढरा फेटा बांधलेला म्हातारा वस्ताद आठ-नऊ वर्षांच्या रडणाऱ्या पोराच्या पाठीवरची माती हातानं झाडतोय. पोरगं चितपट झालंय हे वेगळं सांगावं लागत नाही, त्याची पाठच सांगते. वस्तादाच्या फेट्याचा एकेक पेच मोजून घ्यावा इतका स्वच्छ दिसतो. खाली उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईत माझं नाव आहे. त्या गावात गेलो की मंडळी मला आवर्जून तालमीत नेतात, फोटो दाखवतात, चहा पाजतात. मी फोटोकडं बघतो. नावाकडं बघायचं टाळतो.

तो फोटो मी काढला हे खरं आहे. म्हणजे बटण मी दाबलं.

अण्णा माझ्या नात्यातले कुणी नव्हते. सांगलीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचा स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, एक लाकडी स्टूल, पासपोर्ट फोटोसाठी खुंटीला अडकवलेला काळा कोट. हा कोट निम्म्या सांगलीनं घातला असेल. मागं डार्करूम. बारावीनंतर मी कॉलेजला जातो असं घरी सांगून तिथं जाऊन बसायला लागलो. त्यांनी कधी ‘शिकवतो’ म्हटलं नाही, मी कधी ‘शिकतो’ म्हटलं नाही. फी ठरली नाही, पगारही ठरला नाही. पहिलं वर्षभर माझं काम एकच होतं : समोरच्या रसवंतीतून बर्फ आणणं.

बर्फ कशाला, हे कळायला मला पहिला उन्हाळा जावा लागला. फिल्म धुवायचं औषध वीस डिग्रीला असावं लागतं आणि चैत्रात सांगलीच्या नळाला पाणी येतं ते अंघोळीला तापवायची गरज नसते अशा बेताचं. गरम औषधात फिल्म धुतली की चांदीचे कण फुगतात, गठ्ठे करतात, आणि फोटोत गालावर रवा सांडल्यासारखा दिसतो. त्याला बाहेर सगळे ‘ग्रेन’ म्हणतात, अण्णा दाणा म्हणायचे. त्याहून वाईट म्हणजे डेव्हलपर थंड आणि पुढचा हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं औषध, गरम असला, तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुरकुततो आणि आटलेल्या तळ्याच्या तळाला पडाव्यात तशा बारीक भेगा चेहऱ्यावर उमटतात. एकदा एका लग्नातल्या नवरीची अशी अवस्था मी माझ्या हातानं केलेली आहे. त्यानंतर माठातलं पाणी, बर्फाची परात, ओला टॉवेल या तिन्ही गोष्टी मी देवपूजेसारख्या मांडायला लागलो. बर्फ औषधात टाकायचा नाही, परातीत टाकायचा आणि औषधाची बाटली परातीत उभी करायची. हे सांगताना अण्णांनी माझ्या टाळक्यात टपली मारली होती, म्हणून अजून लक्षात आहे.

औषधही ते घरीच बनवायचे. डी-७६ हे नाव मोठं, पण आत काय? लिटरभर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स. सोनाराकडून आणलेल्या जुन्या काट्यावर हे वजन व्हायचं. एवढंसं मेटॉल आणि एवढं ढीगभर सल्फाइट कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘दाण्याची धार मोडायला. सल्फाइट चांदी जरा जरा खातंय. भाकरी चावून खाल्ल्यागत.’’ मी पुढं पुस्तकात वाचलं तेव्हा तिथं हेच लांबलचक वाक्यात लिहिलेलं होतं, भाकरी मात्र नव्हती.

आता त्या फोटोच्या दिवसाकडं येतो. साल १९८७, चैत्र. सांगलीच्या एका दैनिकानं मला जत्रांच्या कुस्त्यांचे फोटो काढायला सांगितलं होतं, फोटोमागं पंचवीस रुपये. माझ्याकडं जुना घेतलेला पेंटॅक्स के-१००० होता आणि १३५ची एक लेन्स. फ्लॅश होता, पण कुस्तीच्या हौद्याच्या कडेवरून त्याचा उजेड पैलवानापर्यंत पोचायचा नाही आणि पोचलाच तर वस्ताद मंडळी अंगावर यायची. फिल्म त्या काळी मिळायची ती उटीची इंदू किंवा पूर्व जर्मनीची ऑर्वो. कोडॅकच्या ट्राय-एक्सचं नाव आम्ही मुंबईला जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचो. मी ऑर्वोची एनपी २७ घेतली होती, ४०० एएसएची. एकच रोल. दुसरा घ्यायला पैसे नव्हते.

जत्रेचं मैदान ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्यातली अडचण चटकन कळणार नाही. दुपारी तीनला हलगी कडाडते आणि पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होतात. डोक्यावर पांढरंफेक ऊन. उघडी अंगं घामानं चकाकतात, वस्तादांचे फेटे आणि धोतरं डोळ्याला टोचतात. नंतर पाच रुपये, दहा रुपये, शंभर रुपये असं करत जोडी वाढत जाते. मानाची, नंबर एकची कुस्ती शेवटी. ती साडेसहाला लागेल असं पत्रकात छापलेलं असतं, म्हणजे ती पावणेसातला लागते, कारण मध्ये पाहुण्यांचे फेटे असतात, आणि तोवर सूर्य उसाच्या फडामागं गेलेला असतो. म्हणजे ज्या रोलवर तीनचं ऊन बसलेलं आहे, त्याच रोलवर पावणेसातचा अंधार. आणि रोल धुवायचा तर सगळा एकाच औषधात, एकाच वेळात. एक डबा, एक शिजवण. भात आणि मटण एकाच भांड्यात ठेवून दोन्ही बरोबर शिजलं पाहिजे म्हणण्यासारखं आहे ते.

एवढ्यानं भागलं नाही. आदल्या आठवड्यात मी १२५ची एनपी २२ वापरली होती. के-१०००मध्ये फिल्मची एएसए लावायची ती शटरच्या चकतीतली एक इवलीशी खिडकी असते, चकतीची कड उचलून फिरवायची. ती मी फिरवली नाही. ४००ची फिल्म आणि मीटरला वाटतंय १२५. शिवाय समोर चिंचेच्या सावलीत बसलेला काळा जमाव होता. मीटर बिचारा त्या सावलीकडं बघून ‘उजेड कमी आहे, अजून उघड’ असं सांगत होता. भर उन्हाचा साधा हिशोब आहे : भिंग सोळावर आणि शटर फिल्मच्या आकड्याजवळचं, म्हणजे चारशेच्या फिल्मला पाचशेचं. मी पाचशेला ५.६-८वर फोटो ठोकत होतो. सुई मध्यावर आली की आपण शहाणे. दोन-अडीच स्टॉप ‘ओव्हर’, म्हणजे हवा त्याच्या पाचपट उजेड पहिल्या चोवीस फोटोंत मी ओतला.

सलामी झाली तेव्हा काउंटर २४वर होता. हे मला पक्कं आठवत होतं, कारण बारा फोटोंत नंबर एकची कुस्ती भागवायची असं मी मनाशी म्हटलं होतं. आता सुई उठतच नव्हती. लेन्स पूर्ण उघडी, शटर १२५ला. त्याहून खाली गेलो असतो तर पैलवानांच्या जागी धुराचे लोट आले असते. वीस मिनिटं खडाखडी चालली आणि एका घिश्शावर क्षणात निकाल लागला. मी दोनदा बटण दाबलं. हौद्यात लोक घुसले.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून कॅमेरा पुसत होतो, तेव्हा ती एएसएची खिडकी दिसली. १२५. पोटात खड्डा पडणं म्हणतात ते मी तेव्हा अनुभवलं. पहिला विचार आला तो खोटा बोलायचा : फिल्मच जुनी होती, म्हणायचं. दुकानदार, जर्मनी, ऊन, कुणावरही ढकलता येतं. स्टँडवर उतरेपर्यंत मी हे ठरवलं होतं. रात्री साडेनऊला स्टुडिओचं दार वाजवलं आणि अण्णांनी लुंगीवर दार उघडलं, तेव्हा तोंडातून खरं निघालं. का, ते माहीत नाही. दमलो होतो, हे एक कारण असेल.

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी रोल हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला, जसा काही आत नारळाचं पाणी आहे.

‘‘धुतला न्हाईस न्हवं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग रडतोस कशाला? डब्यात हाय तोवर काय बिघडलेलं न्हाई. आधी सांगितलास हे ब्येस केलास. धुऊन आणला असतास तर मी काय करणार हुतो, कप्पाळ?’’

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, डॉक्टरसारखे. ऊन कुठल्या बाजूनं होतं? जमाव सावलीत की उन्हात? चोवीसनंतर अंधार, की मध्ये काही वेळ बरा उजेड होता? मी सांगत गेलो, ते बोटांवर काहीतरी मोजत गेले. शेवटी म्हणाले, ‘‘रोल तोडायचा. पुढचा तुकडा कमी शिजवायचा, मागचा जास्त.’’

हे सुचायला फार मोठं डोकं लागतं असं नाही. पुढं मी पाहिलं, चांगले प्रेस फोटोग्राफर हे करायचेच. अवघड ते करणं. अशा फिल्मला लाल दिवासुद्धा चालत नाही. मिट्ट काळोखात, डोळे असून नसल्यासारखे, बोटांनी नेमकी जागा शोधून कात्री मारायची. आणि जागा चुकली तर कुठला फोटो चिरला जाईल ते देवाला माहीत.

अण्णांनी दिवा घालवायच्या आधी हिशोब केला. ‘‘एका फोटोला किती भोकं?’’

‘‘आठ.’’

‘‘आठ भोकं म्हंजे दीड इंच. बारा फोटो म्हंजे?’’

‘‘अठरा इंच.’’

त्यांनी आपला उजवा हात कोपरात वाकवून टेबलावर आडवा ठेवला आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत नजर फिरवली. ‘‘एक हात. आमच्या आईनं ह्याच मापानं जन्मभर लुगडी मोजली. रोल गुंडाळल्यावर शेवटचा फोटो आत, फिरकीजवळ असतोय. फिरकीकडनं चार बोटं सोडायची आणि एक हात मोजायचा. चल, दिवा घालीव.’’

अंधारात मी कोपऱ्यात उभा होतो. सोड्याच्या बाटलीच्या ओपनरनं डब्याचं झाकण निघाल्याचा टक आवाज आला. मग फिल्म उलगडल्याची सळसळ. मग बराच वेळ काहीच नाही, फक्त त्यांचा श्वास. मी म्हटलं, ‘‘अण्णा?’’ ते म्हणाले, ‘‘गप.’’ मग कात्रीचा आवाज, एकदाच. कच.

पुढच्या तुकड्याला त्यांनी नेहमीच्या वेळातली एक तृतीयांश वेळ छाटली. मागच्याला जवळजवळ दुप्पट दिली, पण डबा हलवायचा हात हलका ठेवला. मी बर्फ सांभाळत होतो. रसवंती बंद झालेली होती. तिच्या मालकाला झोपेतून उठवून आणलेला बर्फ होता तो. त्या माणसाचंही माझ्यावर ऋण आहेच, पण त्यानं त्याचे आठ आणे दुसऱ्या दिवशी वसूल केले.

फिल्म वाळत घातली तेव्हा कात्रीची जागा कळली. पंचविसावा फोटो, सलामीचा, बरोबर मध्ये चिरला होता. दोन पैलवान हात मिळवतायत. एक एका डब्यात शिजला, दुसरा दुसऱ्या. एक काळाभोर, दुसरा फिकट. ‘‘अर्ध्या बोटानं चुकलो,’’ अण्णा म्हणाले. मागच्या अकरा फोटोंत जीव होता. दाणा ज्वारीच्या पिठासारखा वर आलेला, पण चेहरे होते, घिश्शाचा क्षण होता. पुढचे चोवीस मात्र कमी शिजवूनही जाडच होते. निगेटिव्हमध्ये उजेड काळा दिसतो. वस्तादाचा फेटा म्हणजे नुसता कोळसा. दिव्यापुढं धरला तरी आरपार काही दिसेना.

‘‘आता शेतकऱ्याचं औषध,’’ अण्णा म्हणाले.

या औषधाला ते असंच म्हणायचे आणि मला कैक वर्षं वाटत होतं की ते पिकावर फवारायचं काहीतरी आहे. पुढं कळलं, हॉवर्ड फार्मर नावाच्या इंग्रजानं १८८३ साली ते काढलं, म्हणून ‘फार्मर्स रिड्यूसर’. अण्णांनी आडनावाचं भाषांतर केलं होतं. पोटॅशियम फेरिसायनाइडचे केशरी-लाल खडे पाण्यात विरघळवायचे, ते पिवळं पाणी हायपोत मिसळायचं. ते चांदी खातं. सगळीकडून सारखी खातं, त्यामुळं निगेटिव्हवर जादा उजेडाचं जे मळभ साचलेलं असतं ते आधी निघतं. पण मिसळल्यावर काही मिनिटांतच मरतं, आणि एकदा खाल्लेली चांदी परत मिळत नाही. हे काम उजेडात करायचं असतं, एवढीच त्यातली दया.

आधी त्यांनी कर्ण्याच्या फोटोवर करून पाहिलं. मी का कोण जाणे जत्रेतल्या लाऊडस्पीकरचा एक फोटो काढला होता. फुकट गेलेला एक फोटो असा कामी आला. मग फेट्याचा. दहा आकडे मोजायचे, बाहेर काढायचा, पाण्याखाली धरायचा, बघायचं. पुन्हा दहा आकडे. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, अजून एकदा. ते म्हणाले, ‘‘नको. पोटात राहिलेलं औषध धुईपर्यंत अजून खातंय. हवं तेवढं झालं की थांबायचं न्हवं, त्याच्या जरा आधी थांबायचं.’’ फेट्यात धुरकट, जेमतेम अशा काही रेघा आल्या होत्या. मला तर त्या भास वाटल्या.

छपाई त्यांनीच केली, मला हात लावू दिला नाही. ॲग्फाच्या ब्रोव्हिराचा मऊ ग्रेडचा कागद काढला. तो महाग होता आणि एका ग्राहकाच्या कामासाठी राखलेला होता. चेहरे आणि पाठीला चौदा सेकंद. मग एका जुन्या पोस्टकार्डाला भोक पाडून त्यातून फक्त फेट्यावर उजेड सोडत राहिले, चाळीस सेकंद, पोस्टकार्ड सतत थरथरतं ठेवून, नाहीतर भोकाची कड उमटते. डिशमध्ये कागदावर आधी पोर आलं, मग वस्तादाचा हात, मग पाठीवरची माती. फेट्याच्या जागी पांढरं होतं. मग त्या पांढऱ्यातून हळूहळू पेच सुटत गेले. एक, दोन, तीन. मी मोजत होतो.

अंधारातल्या फोटोंच्या वेळी मी विचारलं, दाणा लपवायला जरा फोकस मऊ करू का? त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि एन्लार्जरखाली दाण्यावरच फोकस करायला लावला. ‘‘दाणा असू दे. पण तो नीट दिसू दे. पुसट दाणा म्हंजे घाण, टोकदार दाणा म्हंजे माती.’’ फोटो छोटा ठेवायचा, एवढीच सवलत. नाहीतरी वर्तमानपत्राच्या छपाईत ठिपकेच एवढे मोठे असतात की आपला दाणा त्यात गडप होतो. पहाटे चारला त्यांनी पाच प्रिंट पाकिटात घातले.

दोन फोटो छापून आले. वस्तादाचा वर, मोठा. खाली माझं नाव. त्या फोटोनं मला पुढचं काम दिलं, त्या कामानं त्याच्या पुढचं. मोठा प्रिंट गावानं मागून घेतला. वर्षभरानं एका संस्थेनं नारळ, शाल दिली. मी भाषण केलं. एकानं उठून विचारलं, एवढ्या उन्हात फेट्याचे पेच कसे काय धरलेत हो? अण्णा चौथ्या रांगेत बसले होते, त्याच काळ्या कोटात. मला सांगता आलं असतं. तोंड उघडलं तेव्हा सांगणारच होतो असं मला वाटतं. पण निघालं ते असं : ‘‘उन्हाचा अंदाज लागतो. तो सरावानं येतो.’’ टाळ्या पडल्या.

बाहेर पडताना ते भेटले. ‘‘बरं झालं भाषण,’’ म्हणाले. मग चपला शोधता शोधता, ‘‘जरा ओव्हर झालं.’’

तेवढंच. पुढं कधी विषय नाही. मी जायचो, बर्फ न्यायचो, तेही रोल धुऊन द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. मला वाटायचं विसरले असतील. वय झालं की लोक विसरतात असं आपण सोयीनं धरून चालतो.

२००५ साली मी निकॉनचा डी-७० घेतला आणि अण्णांनी शिकवलेलं निम्मं एका रात्रीत उलटं झालं. निगेटिव्ह फिल्म जादा उजेडाला एकदम नाही म्हणत नाही, कुरकुरत का होईना घेत राहते. म्हणून तर त्या कोळशातून पेच निघाले. डिजिटलचं तसं नाही. तिथं प्रत्येक बिंदू म्हणजे एक घागर. भरली की भरली, वरचं पाणी वाहून गेलं. पांढरा फेटा एकदा २५५ला टेकला की त्याचे पेच ना कॉम्प्युटरमध्ये असतात ना शेतकऱ्याच्या औषधात. उलट सावली कमी पडली तर ती नंतर ओढून काढता येते, फक्त तिच्याबरोबर दाणा येतो. त्याला आता नॉइज म्हणतात. म्हणून भर दुपारी मी आता फेट्यावर मोजतो, चेहरे जरा काळे पडू देतो, कच्ची फाइल ठेवतो आणि नंतर सावल्या उचलतो. पडद्यावर फेटा लुकलुकायला लागला की भिंग बंद करतो. हे ज्याला जमतं त्याला उन्हात ओव्हर आणि दाणा या दोन्ही भानगडी बऱ्यापैकी आवरता येतात. त्यात फार थोर काही नाही.

दाण्याचं मात्र मला अजून पटत नाही. संध्याकाळच्या कुस्तीचे फोटो हल्ली सॉफ्टवेअरमध्ये घातले की दाणा साफ जातो, काही सेकंदांत. पहिल्यांदा मी ते केलं तेव्हा हरखलो होतो. मग फोटो मोठा करून पाहिला. पैलवान मेणाचा झाला होता. आणि त्याच्या पाठीवरची माती गेली होती. नॉइज कुठला आणि लाल मातीचा कण कुठला, हे त्या यंत्राला कळत नव्हतं. त्यानं दोन्ही झाडून टाकलं. आता कुस्तीचा निकालच पाठीवरच्या मातीनं लागतो. माती पुसली म्हणजे पडलेला माणूस पडलाच नाही. तेव्हापासून मी ते बटण दहा-पंधरा टक्क्यांवर ठेवतो आणि पाठीवर अजिबात फिरवत नाही. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे फोटो काढायला जातो तेव्हाही धूळ राहू देतो. तरुण मुलं विचारतात, सर, क्लीन का करत नाही? मी सांगतो, दाणा टोकदार असला की माती होतो. ती हसतात, त्यांना वाटतं काका जुन्या काळातले आहेत. एकदाही मी असं म्हटलं नाही की हे वाक्य माझं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तालमीचं रंगकाम निघालं. भिंती खरवडायच्या म्हणून फोटो उतरवले होते. जपून ठेवा म्हणून मला निरोप आला. मी तो फोटो घरी आणला. काच काढली. माझ्या नावाखाली जागा होती. पांढरी शाई मिळवायला दोन दुकानं फिरावी लागली. नावाखाली दुसरी ओळ लिहिली : ‘फिल्म धुलाई व छपाई’, आणि पुढं अण्णांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. हात थरथरला, एक अक्षर जाड आलं.

अण्णा आता चौऱ्याऐंशीचे. सांगलीतच विश्रामबागेत मुलीकडं असतात. महिन्यापूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. मी गेलो तेव्हा ते एकदा एक डोळा मिटत होते, एकदा दुसरा. ‘‘ह्या डोळ्यात ट्यूबलाइट हाय, ह्या डोळ्यात कंदील,’’ म्हणाले. ‘‘एवढी वर्षं पिवळा फिल्टर लावून छपाई केली म्हण की मी. गिऱ्हाइकांना फसवलं.’’

मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. नाव दिसेल असा, खालची बाजू त्यांच्याकडं करून. मग म्हटलं, ‘‘अण्णा, त्या भाषणाच्या वेळी...’’

त्यांनी हात वर केला. भिंग मागितलं. मुलीनं देव्हाऱ्याच्या फळीवरून आणून दिलं, तेच जुनं, पितळी कडेचं. डावा डोळा मिटून, ऑपरेशनच्या डोळ्याला भिंग लावून ते फोटोवर वाकले. पोराच्या चेहऱ्यावरून सरकत पाठीवर आले, तिथं थोडं थांबले, मग वस्तादाच्या हातावरून वर फेट्याकडं. खालच्या कोपऱ्यापर्यंत भिंग गेलंच नाही. मी वाट बघत होतो.

‘‘हे बघ,’’ ते म्हणाले आणि नखानं फेट्याची कड दाखवली, डाव्या कानावरचा शेवटचा पेच. ‘‘हितं अजून दोन सेकंद द्यायला पायजे हुते. तवाच वाटलं हुतं मला. पहाट झाली, तुझं पेपरचं टायम व्हत आलं म्हणून सोडलं. घाई झाली माझी.’’